छाती उत्तम

"ज्या दिवशी डॉक्टरचे एक जरी इंद्रिय त्याला दगा देईल, त्या दिवशी त्याने गळ्यातली नळी उतरवावी आणि घरी जावे. एक दिवस उशीर म्हणजे एक खून," असे डॉक्टर तोताराम सरोदे यांनी १९५८ सालच्या दिवाळीनंतर जळगावातल्या डॉक्टरांच्या स्नेहसंमेलनात जाहीर केले. विषय होता 'वैद्यकी आणि उतारवय'. वाक्य वजनदार होते, आणि त्यानंतर अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली. डॉक्टर बोलत राहिले. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा वाजवली, तिसऱ्यांदा जरा रागाने वाजवली. डॉक्टर बोलत राहिले. चहा येऊन निवला, आभार मानणारे गृहस्थ त्यांच्या शेजारी उभे राहून, आभार मानून खाली बसले, तरी डॉक्टर इंद्रियांच्या दग्याबद्दलच बोलत होते. शेवटी त्यांच्या कंपाउंडरने, उखर्डूने, मागून येऊन कोटाची बाही ओढली तेव्हा ते थांबले, आणि टाळ्या किती मनापासून पडत आहेत ते डोळ्यांनी पाहून कृतार्थ झाले.

डॉक्टरांचे वय सहासष्ट. छत्तीस वर्षांपूर्वी एल.सी.पी.एस. होऊन ते जळगावात आले आणि बाजारात रस्त्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत दवाखाना घालून बसले, ते अजून बसलेलेच होते. गाव त्यांना डॉक्टरआबा म्हणे. दुसरे डॉक्टर औषधासाठी प्रसिद्ध असतात, आबा कानांसाठी होते. छातीला नळी लावून त्यांनी डोळे मिटले की रोग्याचे नातेवाईकसुद्धा श्वास धरून उभे राहत. मग आबा डोळे उघडून म्हणत, "डाव्या बाजूला, खालून दोन बोटं, पाणी आहे." ते पाणी नाही असे म्हणण्याची फैजपूरपासून भडगावपर्यंत एकाही डॉक्टरची छाती होत नसे.

सरकारी डॉक्टरला निवृत्तीची तारीख सरकार कळवते. खाजगी डॉक्टरला ती कोणी कळवायची? हा प्रश्न आबांनी आपल्यापुरता शास्त्रशुद्ध रीतीने सोडवला होता. त्यांनी एक आरामखुर्ची करवून घेतली, गुलाबाची सहा कलमे लावली आणि गेल्या उन्हाळ्यात तीन दिवस दवाखाना बंद ठेवून निवृत्तीचा प्रयोग केला. पहिल्या दिवशी ते झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुलाब तपासले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने, सुनंदाबाईंनी, त्यांना गिरणीवर दळण घेऊन पाठवले. चौथ्या दिवशी सकाळी सातला आबा दवाखान्याच्या खुर्चीत होते. शरीर अजून साथ देते आहे, असा निष्कर्ष त्यांनी जाहीर केला. सुनंदाबाई त्यावर काहीतरी म्हणाल्या. गेली दोन वर्षे त्यांची एकच तक्रार होती की हे माझे काही ऐकत नाहीत. पण ही तक्रार असलेल्या बायका जळगावात इतक्या होत्या की त्यात रोग असेल अशी शंका कोणाला आली नाही. आबांना तर नाहीच.

समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून पाहण्याची सवय त्यांना केव्हा लागली हेही त्यांना आठवत नव्हते. रोगी आपसांत म्हणत, आबा किती लक्ष देतात.

स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फैजपूरचा एक शेतकरी आला, बायकोचा ताप उतरल्याचे सांगून त्याने टेबलावर केळ्यांची एक फणी ठेवली आणि तो गेला. आबांच्या कानात नळी तशीच होती. खालची चकती घरंगळून केळ्यांवर पडली आणि आबांना ठोके ऐकू आले.

मिनिटाला चौऱ्याऐंशी. एकसारखे. खरखर नाही, फुसफुस नाही.

आबांनी सवयीने मान डोलावली. "छाती उत्तम" म्हणायला तोंडही उघडले. ते तसेच उघडे राहिले, कारण केळ्याला छाती नसते.

त्यांनी उठून दाराला आतून कडी लावली आणि चकती टेबलावर ठेवली. टेबलाची छाती उत्तम होती. औषधांच्या कपाटाची उत्तम होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात लक्ष्मी होती, तिची तर फारच उत्तम. शेवटी त्यांनी चकती हवेत लोंबती सोडली आणि स्वतःचे मनगट धरले. हवा आणि मनगट एकाच तालात चालले होते. ताल ओळखताच आबांचे मनगट शंभराच्या पुढे पळू लागले, आणि मागोमाग हवाही पळू लागली. त्यांनी घाईघाईने चकती पुन्हा कपाटाला लावली. आबा घाबरले तसे कपाटही घाबरले होते.

कान बाहेरचे ऐकेनासे झाले की आतले ऐकू लागतात, हे त्यांना विद्यार्थीदशेत शिकवले होते आणि त्यांनी परीक्षेत लिहिलेही होते. जगाचा आवाज नळीतून केव्हाच गेला होता. उरले होते ते त्यांचे स्वतःचे काळीज, आणि येईल त्याच्या छातीत ते आबा आपल्याच हाताने घालत बसले होते.

केव्हापासून? याचे उत्तर मिळाले तेव्हा ते खाली बसले. साधारण दीड वर्षापासून तालुक्यातल्या सगळ्या छात्या एकाएकी सुधारल्या होत्या. आबांच्या ते लक्षात आले होते. त्याचे श्रेय त्यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला दिले होते आणि तसे एका सभेत सांगून टाळ्याही घेतल्या होत्या.

दीड वर्ष. आणि एक दिवस उशीर म्हणजे एक खून, हे कालच स्वतःच्या तोंडाने. आबांनी मोजायचा प्रयत्न केला आणि पाचशेच्या पुढे सोडून दिला. मग त्यांना कापूस बाजारातला तोलणार पितांबर आठवला. आषाढात तो धाप लागते म्हणून आला होता. आबांनी नळी लावून "छाती उत्तम, हा पोटातला वायू" असे सांगितले आणि वायूचे औषध दिले. श्रावणात पितांबर गेला. आबा स्वतः स्मशानात गेले होते आणि तिथे चारचौघांत म्हणाले होते की काळाने बघता बघता ओढून नेला. काळ बाजारात कुठे बसतो ते आता त्यांना कळले.

पाठोपाठ त्यांना लखीचंद शेठ आठवले, आणि मग मात्र त्यांना बसवेना.

लखीचंद शेठ सरकीचे व्यापारी. आजोबा राजस्थानातून आलेले, घर जैन, वय एकसष्ट, आणि तीस वर्षे आबांचे रोगी. पंधरा दिवसांपूर्वी ते पत्नीसह, तारादेवींसह, आले होते. पालिताण्याचा डोंगर चातुर्मासात बंद असतो, कार्तिकी पौर्णिमेला उघडतो, तेव्हा यात्रेला जायचे ठरले होते. साडेतीन हजारांवर पायऱ्या. शेठजींच्या ओठांवर 'डोंगर' आणि 'जाऊ ना' एवढे आबांना स्पष्ट दिसले होते. तारादेवीही घुंघटाच्या आतून काहीतरी बोलल्या होत्या. तीस वर्षांत आबांनी त्यांची नाडी पाहिली होती, घुंघट तेवढ्यापुरता वर करून दाखवलेली जीभ पाहिली होती, चेहरा पाहिला नव्हता. त्या काय बोलल्या ते आबांना कळले नाही, म्हणून त्यांनी "उत्तम, उत्तम" म्हटले होते. आणि शेठजींच्या छातीवर आपल्याच काळजाचे चौऱ्याऐंशी ठोके ऐकून ते पुढे म्हणाले होते, "नुसते जाऊ नका शेठ, पळत चढा."

पौर्णिमा तीन दिवसांवर आली होती.

आबांनी कडी काढली. उखर्डू बाहेर स्टुलावर बसून औषधाच्या बाटल्यांना मात्रा दाखवणाऱ्या खाचांच्या कागदी पट्ट्या चिकटवत होता. तो मूळचा भडगावकडचा, वय साठ, आबांकडे अठ्ठावीस वर्षे. आबांशी बोलायचे असले की तो आधी उठून त्यांच्या समोर येऊन उभा राही. ही त्याची अदब आहे असे आबा समजत.

"उखर्डू, लखीचंद शेठ यात्रेला कधी निघणार?"

उखर्डू समोर आला. "शेठ आज सकायमाच धुयाले गयात."

"धुळ्याला? कशाला?"

उखर्डूने हातातली पट्टी उलटी करून पाहिली. "काम शे म्हने."

हेही आबांच्या अलीकडे ध्यानात आले होते. गावातल्या सगळ्यांनाच धुळ्याला कामे निघत होती. कोणाची जमीन धुळ्याला, कोणाची भाची धुळ्याला. जिल्हा वेगळा, कचेरी वेगळी, तरी मोटारी भरभरून माणसे जात होती. देशाचा व्यवहार वाढतो आहे, असे ते समजत होते.

"मी त्यांच्या दुकानावर जातो."

"नका जावू आबा," उखर्डू म्हणाला. "इतली दगदग कसाले?"

या वयात एका माणसाला तरी आपली काळजी आहे, असे वाटून आबांचे डोळे भरून आले. पण पाय निघाले.

निघाले म्हणजे दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेले. तिथे ते चांगला अर्धा तास उभे होते. शेठजींना थांबवायचे तर कारण सांगावे लागणार, आणि कारण सांगितले की संपले. उद्या या पायरीवर कुत्रे येणार नाही. सुनंदाबाई दळणाचा डबा पुढे करतील, गुलाबांना पाणी घालावे लागेल, आणि येणारे-जाणारे आरामखुर्चीकडे बोट दाखवून सांगतील, हाच तो, बहिरा असून छात्या तपासायचा. पितांबरची बायको काय म्हणेल याचा विचार त्यांनी सुरू केला आणि अर्ध्यावर टाकला. न सांगता थांबवण्याचे दोन-तीन मार्ग सुचले. तार करावी की गुजरातेत पटकीची साथ आहे. किंवा पत्र लिहावे की आपण एक नवीन विलायती ग्रंथ वाचला. पण शेठजी परत येऊन विलायती ग्रंथाबद्दल विचारतील, आणि परत आलेच नाहीत तर कोणी काहीच विचारणार नाही, हे दुसरे जास्त भयंकर होते. ते मनात येताच आबा पायरी उतरले.

दुकानात शेठजींचा मुलगा हीरालाल गादीवर होता. आबा आत आले तसे समोरच्या दुकानातले दोघेजणही मान वळवून पाहू लागले.

"हीरालाल, हे खाजगी आहे," आबा म्हणाले. समोरच्या दुकानातले आणखी दोघे बाहेर आले. "तुझे वडील कुठे आहेत?"

हीरालाल आदबीने उठला. "धुळ्याला, आबा. आई पण सोबत आहे. तिथून परस्पर नरडाण्याला जाऊन सुरतेची गाडी धरणार."

"आज?"

"आज संध्याकाळी."

"धुळ्यात कुठे उतरलेत?"

हीरालालचा चेहरा असा झाला की जणू त्याला वडिलांचे दुसरे लग्न सांगायचे आहे. तो आत बघू लागला, बाहेर बघू लागला. घराणे धर्माचे, खोटे बोलवेना, आणि खरे सांगवेना. शेवटी त्याने एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. देवपूर, पांझरेचा पूल ओलांडून डाव्या हाताला दुसरी गल्ली, हिरव्या गजांची दुमजली इमारत. नाव लिहायचे त्याने तेवढे टाळले.

एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला जाणाऱ्या मोटारीत आबांना मधली जागा मिळाली. शेजारी पारोळ्याचा एक फेटेवाला म्हातारा होता. हा माणूस आपल्याला ओळखत नाही, जन्मात पुन्हा भेटणार नाही, तेव्हा कबुलीचा सराव याच्यावर करून पाहावा, असे आबांच्या मनात आले. ते त्याच्या कानाशी वाकले आणि कुजबुजले.

"समजा, एका डॉक्टरला ऐकू येत नाही."

मोटारीतल्या सगळ्या माना वळल्या. पुढच्या बाकावरचे तान्हे मूल दचकून रडू लागले, ते आबांना दिसले, ऐकू आले नाही.

"समजलं," फेटेवाला म्हणाला.

"आणि त्यानं कोणाला सांगितलेलं नाही. एक माणूस त्याच्यामुळे मेला, आणि दुसरा मरायच्या वाटेवर आहे. त्यानं काय करावं?"

फेटेवाल्याने कानात करंगळी घालून फिरवली. पार मागच्या बाजूला तिकिटे फाडत उभा असलेला कंडक्टर पुढे आला आणि आबांच्या समोर उभा राहून म्हणाला, "त्यानं एकाला सांगावं, आबा. पुढच्या स्टँडपर्यंत बाकीच्यांना आपोआप कळतं."

मागच्या बाकावरची एक बाई पुढे वाकून, आबांकडे तोंड करून म्हणाली, "दुसऱ्या माणसाच्या घरच्या बाईला सांगा. पुरुष ऐकून घेत नाहीत."

आबा थक्क झाले. एका कुजबुजीवर पूर्ण मोटारीने मत द्यावे, इतके तिखट कान या लोकांना देवाने दिले आणि आपल्याला, ज्याचे त्यावर पोट, त्यालाच नाकारले. ते खिडकीबाहेर पाहत बसले. पारोळा गेले. त्यांच्या डोक्यात एकच चित्र फिरत होते. उन्हात पायऱ्या, शेठजी पळत चढताहेत, कारण डॉक्टरआबांनी सांगितले आहे. दर वळणावर शेठजी छातीवर हात ठेवत होते आणि आबा मनातल्या मनात त्यांना खाली ओढत होते. मुकटी येईपर्यंत आबांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती.

धुळ्याला टांगा करून ते पूल ओलांडून देवपुरात आले. हिरव्या गजांची इमारत सापडली. दाराशी पाटी होती, पण ती वाचण्याइतका धीर आबांना नव्हता. ते सरळ आत घुसले. खोलीत दोन्ही भिंतींना बाके होती आणि बाकांवर दहाबारा माणसे गुपचूप बसली होती. शेठजींच्या ओळखीच्या घरी एवढे पाहुणे कसे, असे आबांना वाटले. मग नाकाला स्पिरिटचा वास लागला. मग प्रत्येकाच्या हातात पत्र्याचा एकेक बिल्ला दिसला, त्यावर आकडे होते. आणि मग बिल्ला क्रमांक सातच्या वर भाईदास शिंप्याचा चेहरा दिसला.

भाईदास जळगावचा. परवाच आबांनी त्याची छाती उत्तम असल्याचे सांगितले होते. त्याच्या शेजारी मंदाबाई मास्तरीण, छाती उत्तम. त्यांच्या पलीकडे आठवडी बाजारातला मीठवाला, छाती उत्तम. तिघांनी एकदमच बिल्ले मुठीत झाकले.

भाईदासच उठला. मोठ्या माणसाला जागा द्यायची एवढेच त्याला सुचले. "या आबा, बसा. तुम्हालाही दाखवायचंय का? बिल्ला त्या खिडकीतून घ्यायचा. आता अकरावा मिळेल."

आबांनी त्याच्याकडे पाहिलेच नाही. कोपऱ्यात बायकांच्या बाकावर छातीपर्यंत घुंघट ओढून एक बाई बसली होती. चेहरा दिसत नव्हता, पण मनगट आबांच्या ओळखीचे होते. तीस वर्षे ते त्यांनी बोटांखाली धरले होते.

"ताराबाई, शेठजी कुठे आहेत?"

घुंघटातून एक बोट निघाले आणि त्याने आतल्या बंद दाराकडे दाखवले.

आबांच्या मनात आले, आत कोणीतरी कानवाला माणूस आहे. तो काय ते शोधील. आपण आता गुपचूप परत फिरलो तरी चालेल. पायही अर्धे वळले. पण आतला डॉक्टर नवखा असला, त्याला शेठजींनी सांगितले की आबा 'पळत चढा' म्हणाले, आणि सरोद्यांच्या कानाला मान देऊन त्याने मान डोलावली तर? छत्तीस वर्षे कोणी आपल्या शब्दाबाहेर गेले नाही, हीच गोष्ट आता शेठजींचा जीव घेणार होती. आबा तारादेवींच्या समोर जाऊन उभे राहिले. त्यांनी आवाज अगदी खाली आणला, निदान त्यांच्या मते.

"ताराबाई, शेठजींना डोंगर चढू देऊ नका. मी म्हणालो ते खोटं आहे. मी त्यांची छाती ऐकलेलीच नाही. दीड वर्षात कोणाचीच ऐकलेली नाही. मला ऐकू येत नाही. मी बहिरा झालोय."

हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला लावला. आता हाहाकार होईल म्हणून ते भिंतीला धरून उभे राहिले. पण कोणीच दचकले नाही. मंदाबाईंनी पदर सारखा केला. मीठवाल्याने पायाच्या अंगठ्याकडे पाहिले. धक्का फार मोठा बसला असावा, असे आबांना वाटले.

घुंघट हलला. तारादेवी काहीतरी बोलत होत्या, बऱ्याच बोलत होत्या.

"मला तोंड दिसल्याशिवाय कळत नाही," आबा म्हणाले. "माफ करा. जीभ दाखवताना करता, तेवढाच पदर वर करा."

भर खोलीत परक्या पुरुषाने मारवाडी घरच्या बाईला असे म्हणावे, यावर मात्र खोली दचकली. मग दोन बोटांनी घुंघट नाकाच्या शेंड्यापर्यंत वर गेला. तीस वर्षांची ओळखीची जीभ आबांनी पहिल्यांदाच बोलताना पाहिली.

"शेठजी डोंगर चढणार नाहीत," ओठ सावकाश म्हणाले. "डोलीत बसून जाणार. चार माणसं उचलून नेतात. इथल्या डॉक्टरांनी मागच्या वर्षीच पायऱ्या बंद केल्यात."

"मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी. तुम्हालाही शेठजींनी तेच विचारलं होतं. डोलीनं जाऊ ना."

डोली आणि डोंगर. ओठांवर दोन्ही एकाच जागी उघडतात. आबांनी न बोलता तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला.

"मग मी पळत चढा म्हणालो तेव्हा तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"बोलले ना. तीनदा बोलले. तुम्ही उत्तम म्हणालात."

आबांना बसावेसे वाटले. भाईदासने त्यांच्या मागे स्टूल सरकवले, पण ते बसले नाहीत. एक गोष्ट विचारायची राहिली होती आणि ती उभ्यानेच विचारायला हवी होती.

"पितांबर," ते म्हणाले. "तोलणार पितांबर. त्याला मी मारलं."

भाईदास पुढे येऊन आबांच्या समोर उभा राहिला, उखर्डू राही तसा. आबांना तेव्हा कळले की गाव त्यांच्याशी असेच उभे राहून बोलते.

"नाही आबा. पितांबर वर्षभर इथंच येत होता. माझ्यासोबतच मोटारीत असायचा. त्याला इथल्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं की काळीज फार मोठं झालंय, आता इलाज नाही. तुमचं औषध तो घ्यायचाच नाही. म्हणजे, तसा घ्यायचा, गोड होतं म्हणून."

आबांच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि उतरता उतरता आणखी काहीतरी सोबत घेऊन गेला. दीड वर्षात त्यांच्या हातून एकही माणूस मेला नव्हता. एकही वाचला नव्हता. मेलेलासुद्धा त्यांचा नव्हता.

"उखर्डूला माहीत होतं?"

भाईदास म्हणाला, "आबा, इथला पत्ता आम्हाला उखर्डूनंच दिला."

"मग माझ्याकडे येता कशाला?" आबा म्हणाले, आणि खिडकीतला बिल्ले देणारा माणूस उठून उभा राहिला. "छाती उघडी करून बसता कशाला माझ्यापुढे? दीड वर्ष?"

मीठवाला बाहेर निघून गेला. शेवटी तारादेवींचेच ओठ हलले.

"तुम्ही वाट बघत बसलेले असता. रस्त्यावरून दिसता."

आबांनी एकदा सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. दहाबारा छात्या, आणि प्रत्येकीत काय चालले आहे ते फक्त त्या बंद दाराच्या पलीकडच्या माणसाला ठाऊक. त्यांनी कोटाची बटणे लावली. पाठ ताठ केली. जे काही उरले होते ते निदान उभ्याने संपवावे, दोन शब्द बोलून संपवावे, एवढे तरी आपल्या हातात आहे असे त्यांना वाटले. त्यांनी घसा साफ केला.

"मंडळी," आबा म्हणाले, "आज, या क्षणी, तुम्हा सर्वांच्या साक्षीनं मी जाहीर करतो की छत्तीस वर्षांची ही सेवा..."

आतले दार किलकिले झाले. कोणीतरी तिथून तारादेवींना काहीतरी सांगितले आणि दार पुन्हा लागले. तारादेवी उठल्या. त्यांनी आबांच्या समोर येऊन घुंघट पुन्हा दोन बोटे वर केला.

"डॉक्टरआबा," ओठ म्हणाले, "जरा हळू बोलता का? आत डॉक्टरांना शेठजींची छाती ऐकू येत नाहीये."